दोनशे चौदा

इथे शाई चालत नाही.
फक्त पेन्सिल. कोट बाहेर खुंटीला,
पिशवी कपाटात, कपाटाला एक पाउंडाचं नाणं,
जाताना परत मिळणारं.
"तेवढंच इथलं परत मिळतं," ईशबेल म्हणाली
आणि स्वतःच ओशाळली.
मग तिने वही आणली, उशीवर निजवली,
तापातल्या पोराला निजवावं तशी.

खिडकीबाहेर डंडी. ताय नदीवर
न उठलेलं धुकं.

वडील कधी काही बोलले नाहीत.
विचारलं की कोळसा आणायला उठायचे,
शेगडी भरलेली असली तरी.
म्हणून मी आणलंय ते एवढंच:
नाव डूगल पेट्री, जन्म बहुधा एकोणीसशे तीस,
आणि 'त्या टेकडीवरच्या घरात',
नाताळच्या रात्री, तिसऱ्या पेल्यानंतर
तोंडून निसटलेलं.

पान एकशे सहा.
पेट्री, डूगल. वय आठ.
आई: तागाच्या गिरणीत, छाती खराब.
वडील: एक रेघ.
उंची तीन फूट नऊ. देवीचे व्रण दोन. उवा: होय.
अंथरूण भिजवतो.
स्वभाव घुमा, पण शिट्टी वाजवतो; समज दिली.

शिट्टी.
मी पुन्हा वाचलं.
एकोणपन्नास वर्षं मी त्या माणसाची मुलगी होते,
किटली सोडली तर आमच्या घरात
कुणी शिट्टी वाजवली नाही.

आणि समासात, लाल शाईने: २१४.

हा आकडा मला माहीत होता.
फावड्याच्या दांड्यावर तापल्या खिळ्याने कोरलेला,
डब्याच्या झाकणावर, छत्रीच्या मुठीवर,
माझ्या शाळेच्या कोटाच्या कॉलरआत
लाल दोऱ्याने, त्यांच्याच जाड बोटांनी शिवलेला.
बाई विचारायच्या, हे काय गं?
मी सांगायचे, बाबांचा घोड्यांच्या शर्यतीचा आकडा.
आई म्हणायची, असते एकेकाची खोड.

इथेच उठायला हवं होतं मी.
पण बोट आपलं समास चाचपत मागे गेलं,
पान अठ्ठ्याण्णव, पुन्हा तोच आकडा.
रेनी, एल्सपेथ. वय सहा.
घटसर्प. नऊ फेब्रुवारीला पहाटे.
खाली वेगळ्या, घाईच्या अक्षरात:
कोट, पलंग, बूट भांडारात जमा.
बूट चांगले आहेत.
आणि दोन मार्चला:
२१४ रिकामा. नव्या मुलास द्यावा.

ईशबेलने चष्मा वर केला.
"ही तुमच्यातली नाही," ती हळूच म्हणाली,
"रेनी वेगळे. ते आर्ब्रोथकडचे, कोळी."
नाही ना. ठाऊक आहे मला.
मग ती माझी लागते कोण?
जिचा पलंग माझ्या बापाने भिजवला,
जिच्या कॉलरीत त्याने मान घातली,
जिचा आकडा माझ्या मानेला
हिवाळाभर टोचत राहिला?

वंशवेलीच्या कागदावर मी तिला लिहिलं.
वडिलांच्या शेजारी, जरा वर.
मध्ये कसली रेघ ओढायची ते कळेना,
नवराबायकोची दुहेरी, लेकरांची उभी,
दत्तकाची तुटक. यातली कुठलीच नव्हे.
तशीच राहू दिली जागा.
पेन्सिलच आहे, म्हटलं, पुढे बघू.

नाणं घेतलं. कोट चढवला.
पायऱ्या उतरताना आठवलं,
मरीगेटच्या दुकानात नवे बूट घेताना
वडील आधी आत हात घालायचे, पार कोपरापर्यंत,
आणि बराच वेळ तसेच बसायचे.
"काही टोचतंय का, मिस्टर पेट्री?" दुकानदार विचारायचा.
"नाही," ते म्हणायचे,
"रिकामे आहेत ना, बघतोय."