लिहून घेणार

कागदावर मी लिहून घेणार.
इंदुमती पुंडलिक फेगडे, वय सत्तावन्न, धंदा घरकाम,
राहणार भुसावळ.
समोर लिहून देणार. वय एकतीस.
त्याचं पेन उठत नव्हतं
म्हणून पिशवीतलं माझं काढून दिलं,
ते त्याने खिशाला लावलं ते लावलंच.
वकीलसाहेब म्हणाले, हे अर्जात नको.

चतुःसीमा त्यानेच वाचून दाखवली होती.
पूर्वेस जिना.
पश्चिमेस फ्लॅट नंबर तीनशे पाच.
उत्तरेस लिफ्टची जागा.
दक्षिणेस हवा व उजेड.
हवा व उजेड, छापलेलं होतं तसं,
मी बोट ठेवून दोनदा वाचलं,
यांना म्हटलं, बघा, हेही आपल्या नावावर.

सात लाख चाळीस हजार.
यांच्या फंडातले पाच, माझ्या भिशीचे दीड,
राहिलेले नव्वद म्हणजे माझी पोत.
पावतीवर लिहिलं विसार,
करारात झालं बुकिंग,
आता त्यांचा वकील म्हणतो डिपॉझिट,
आणि कापायची वेळ आली की नुसतं
सदर रक्कम.
गळ्यात होती तेव्हा तिला एकच नाव होतं.

कलम चौदा. खरेदीदाराने माघार घेतल्यास
वीस टक्के वजा जाता.
माघार मी घेतली म्हणे.
चार वर्षं जिथे पाय टेकायला पायरी नाही
तिथून मी मागे आले कशी?

हे सिग्नलमध्ये होते, छत्तीस वर्षं खांबावर.
उंची नजरेने सांगतात.
दर रविवारी प्लॉटवर जायचं, टोपी काढायची, मान वर करायची.
तो पतंग दिसू राहिला ना निंबात अडकलेला,
तो आपला हॉल.
त्याच्या डाव्या हाताला तुझा ओटा.
वारा सुटला की पतंगाची शेपटी
माझ्या ओट्यावरून फिरायची.

मेमध्ये वकीलसाहेबांनी फोटो मागितले.
साइटचे, तारखेसकट, बोर्डाचे तर हवेतच.
सेहेचाळीस डिग्रीत गेलो.
खड्डा होता. सळया होत्या, हात लावला की गेरू लागायचा.
बोर्डाचे दोन खांब होते, मधे काही नव्हतं.

बोर्ड गेमा पावराच्या झोपडीवर होता.
नऊ महिन्यांचा पगार अडकलेला राखणदार,
त्याच्याकडे तर कागदही नाही.
रेलीबाई म्हणाली, उन्हात काय उभे, या.
वाकून आत गेलो. चहा बिनदुधाचा, ग्लास पुसून दिलेले.

छापील बाजू आत होती.
वर बघितलं तर गुलाबी इमारत, उलटी,
पार्किंग कौलांच्या जागी, आभाळ खाली चुलीकडे उतरलेलं,
गॅलरीत एक गोरी बाई डोक्यावर उभी.
हे बोटांनी मजले मोजू लागले,
चुकले, पुन्हा मोजले.
तिसरा बरोबर चुलीच्या वर.
तिथे ब्लेडने चौकोन कापलेला, वीतभर,
धूर त्यातून जाऊ राहिला होता.
आमच्या खिडकीतून.

यांनी मोबाइल वर धरला.
पुरावा होता तो, चांगला, पूर्ण नाव दिसत होतं,
ताब्याचा महिनासुद्धा.
रेलीबाईने लेकराला जवळ ओढलं.
हे काढून नेणार काय?

हे थोडा वेळ तसेच राहिले, हात वर,
खांबावर राहायचे तसे.
मग मोबाइल खिशात घातला
आणि चहा चांगला झाला म्हणाले.

सतरा तारखेला जळगावला पुकारा झाला.
फोटो?
हे म्हणाले, बोर्ड राहिला नाही साहेब.
वकीलसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी पिशवीकडे.
मग मला विचारलं,
घराचा ताबा मिळाला होता का कधी?
नाही म्हटलं.
आत बसून चहा पिऊन आलो होतो,
तेवढं काही बोलले नाही.