सात किलो

जळगाव विमानतळावर काटा थांबला:
आठ किलो तीनशे.
अप्पांनी पिशवी फरशीवरच सोडली.
स्वेटर अंगात चढवला, फाल्गुनातल्या उन्हात.
कळण्याचं पीठ खिशात मावेना.
"वांगी काढा," मी म्हटलं.
"बामणोदची आहेत. तुझे बूट काढ."

विमान लहान, वरचा कप्पा
आमच्या फडताळाहून अरुंद.
पापडांचा डबा त्यांनी
झोपलेलं पोर ठेवावं तसा सरकवला,
तोच मागून चाकांची एक बॅग
रेटत आत शिरू लागली.
"भाऊ, उडदाचे आहेत,"
एवढंच बोलले.

त्यानं बॅग उतरवली, पायाशी कोंबली,
हैदराबादपर्यंत
गुडघे हनुवटीला लावून बसला.

उतरताना अप्पांनी डबा उघडला.
वरचे दोन मोडलेच होते,
ते आमच्याकडे राहिले.