मागील बाकी, सतरा रुपये

सव्वीस वर्षं सातपूरच्या कंपनीत स्टोअर सांभाळलं,
आवक डावीकडे, जावक उजवीकडे.
रिटायर झालो तरी हाताची खोड जाईना,
तेव्हा समोरच्या सुलभा खैरनारनं एक लाल वही आणून दिली,
म्हणाली, काका, कुढत बसण्यापेक्षा हे लिहा.

लिहितोय.

सोमवार. बच्छावच्या मिसळीच्या गाड्यावरून
जळकं तेल, अकरा लिटर. आवक.
शेव तळून तळून काकवीसारखं झालेलं.
पूर्वी हेच तो पहाटे गटारीत ओतायचा,
गटार पुढे नासर्डीला मिळते,
आणि ओतताना इकडेतिकडे बघायचा.
सोबत दोन गोण्या कांद्याची टरफलं.

तेल सुलभाकडे. टरफलं निसार तांबोळीकडे.

सुलभाचा पहिला साबण, खरं सांगायचं तर, फसला.
साच्याला द्राक्षांचे खोके घेतले होते,
निर्यातीतून बाद झालेले, आत प्लॅस्टिक अंथरून.
वडी धरली घट्ट, पण वास!
काळा मसाला काही केल्या हटेना.
पोरं अंघोळ करून बाहेर यायची
आणि पाव मागायची.
दुसऱ्या खेपेला तेल मिठाच्या पाण्यात उकळलं,
जुन्या पंचातून गाळलं, तीन दिवस निवत ठेवलं.
आता वास गवती चहाचा.
अगदी नाकाशी धरलीत वडी, तर मागून थोडी तर्री.

निसार टरफलं उकळतो, तुरटीचा खडा टाकतो,
आणि जुन्या धोतराला असा रंग चढतो
की त्याला म्हणायचं काय यावर गल्लीत दोन तट आहेत,
एक म्हणतो गुळाचा, एक म्हणतो पितळेचा.
मी वहीत नुसतं 'कांदा' लिहितो.

त्या कापडाच्या पिशव्या शिवते शोभना गांगुर्डे.
पिशव्या जातात बच्छावकडे, पार्सलला.
आणि ज्या कढईतून तेल निघालं
ती कढई घासली जाते सुलभाच्याच साबणानं.
हे लक्षात आलं त्या दुपारी
मी पेन खाली ठेवलं
आणि उगाच चपला घालून कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो.

मग एका गुरुवारी अंबडहून टेम्पो आला.
जळक्या तेलाचं डिझेल करतात म्हणे.
लिटरला चाळीस. रोख.

बच्छावचं चुकलं असं मी म्हणणार नाही.
मुलीची नर्सिंगची फी भरायची होती.

रात्री ओट्यावर बसलो सगळे.
सुलभा म्हणाली, चाळीस मीही देते,
मग माझ्या साबणाचाही दर लावा.
निसार म्हणाला, रंगाचाही.
शोभना टाके मोजायला लागली.
बच्छाव म्हणाला, अन् टरफलं काय फुकटात उगवतात?
चहा कुणीच टाकला नाही.
आठ महिन्यांत पहिल्यांदा
सगळे एकमेकांचे गिऱ्हाईक झाले होते.

दराचा रकाना मी तोवर कोराच ठेवला होता.
चष्मा पुसला, भरायला घेतला.
लिटर गुणिले चाळीस. वड्या गुणिले बारा.
हे तिच्या नावे, ते त्याच्या जमा.
बच्छावचं सुलभाकडे निघालं, ते साबणानं खाल्लं,
शोभनाचं निसारकडे वळलं,
निसारचं फिरून बच्छावच्याच दारात.
साडेअकराला बेरीज लागली.
उरले सतरा रुपये.
सुलभाकडून बच्छावला येणे.

सतरा? तो म्हणाला.
बराच वेळ आकड्याकडे बघत राहिला,
वही उलटी धरूनही बघितली.
सुलभा पाकीट उघडायला लागली
तर म्हणाला, राहू द्या, पुढच्या महिन्यात बघू.

फीचं मात्र तसंच राहिलं होतं.
सतरा रुपयांत काय नर्स होते का पोरगी.
ते आम्ही वेगळ्या पानावर लिहिलं,
चार नावं, पुढे ज्याचे त्याचे आकडे.
शोभनाचा आकडा मी दोनदा विचारून घेतला.

पुढल्या गुरुवारी टेम्पोनं हॉर्न वाजवला, वाट पाहिली, गेला.

दीड वर्ष झालं.
दर महिन्याला नवं पान काढतो,
वरती पहिली ओळ लिहितो,
मागील बाकी, सतरा रुपये.
सुलभा दोनदा वीसची नोट घेऊन गेली होती त्याच्याकडे.
बच्छाव म्हणाला, सुट्टे तीन नाहीत.
मिसळीच्या गाड्यावर,
रविवारी सकाळी,
सुट्टे नव्हते.