चौथी बॅच, छत्तीस महिन्यांनी

टॅबवर पर्याय दोनच: चालू किंवा बंद.
तिसरं काही लिहिलं तर फॉर्म पुढे सरकत नाही.

महापेच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर,
एसीच्या गारव्यात सहा महिने उबवलेले
अकरा धंदे.
निरोपाच्या दिवशीचा फोटो माझ्याकडे आहे,
प्रत्येकाच्या हातात काचेचं स्मृतिचिन्ह,
फ्लॅशने सगळ्यांचेच डोळे मिटलेले.
सगळ्यांचे नाही. नयना माढवीचे उघडे आहेत.

ती घणसोली गावात सापडली.
जवळ्याच्या चटणीचं व्हॅक्यूम पॅकिंग शिकून गेली होती.
"मशीन?" तिने हनुवटीने दाखवलं.
मशीनवर टीव्ही, टीव्हीवर क्रोशाचं कव्हर.
चटणी मात्र जाते, आठवड्याला चाळीस किलो,
लोकांनी परत आणून दिलेल्या बरण्यांतून.
वार्षिक उलाढाल विचारली तर म्हणाली,
"पोरगी नर्सिंगला हाय. तेवढी."
मग चहा ओतता ओतता,
"आमची कोंबरी एकवीस दिस बसते.
पिल्लं निघाली तरी महिनाभर पंखाखाली घेते.
तुमी अंड्यातून काढता
नि तसंच तुर्भ्याच्या मार्केटात सोडता?"

याला रकाना नव्हता.
'इतर सूचना'मध्ये मी लिहिलं:
मार्गदर्शनाचा कालावधी वाढवावा.

रबाळ्याच्या गाळ्यात शेषराव डोळस.
सोसायटीच्या टाक्यांतलं पाणी मोबाइलवर दाखवणारं यंत्र,
बॅचमधलं पहिलं बक्षीस.
आता रात्रपाळी, ऐरोलीच्या एका डेटा सेंटरात,
दुसऱ्यांचे दिवे लुकलुकताना बघत बसायची.
पण कंपनी जिवंत आहे,
दर तिमाहीला शून्याचं रिटर्न भरतो.
"शून्यसुद्धा उशिरा भरलं तर दंड लागतो, साहेब."
मी 'चालू'वर टिचकी मारली.
नियमाप्रमाणे बरोबर आहे ते.

तुर्भे स्टोअरला फरजाना आणि कुंदा गोवारी.
केळीच्या धाग्याच्या पिशव्या, एक ब्रँड, एक खातं,
आणि दिवाळीच्या एका ऑर्डरवरून झालेलं भांडण.
समोरासमोर दोन पाट्या.
फरजानाने कुंदाच्या पिशवीची शिवण उलटी करून दाखवली,
"बघा, हा टाका मी तिला शिकवला."
रागावली होती की नाही, कळलं नाही.
एक बंद, दोन चालू, असं भरायला गेलो
तर स्क्रीन म्हणाला, ही नोंद आधीच केलेली आहे.

आता माझंही सांगून टाकतो.
मी पहिल्या बॅचचा.
कडुनिंबाचा साबण. साचे अजून पलंगाखाली आहेत,
केर काढताना झाडू अडकतो.
पाहणीत माझ्या नावापुढे 'बंद' लिहिलेलं मी स्वतः वाचलं,
आणि त्याच अहवालात पान नऊवर
'कार्यक्रमामुळे निर्माण झालेले रोजगार'.
त्या आकड्यातला एक मी आहे.
हा टॅब, हे ओळखपत्र, महिन्याला अठरा हजार.
वाढलो की घटलो, ते बेरजेला माहीत.

शेवटचा पत्ता कोपरखैरणे, सेक्टर एकोणीस.
शटर खाली. कुलपावर धूळ,
पण कुलूप महागाचं.
शेजारचा किल्लीवाला म्हणतो, "येतो कधीतरी. भाडं भरतोय ना अजून."
"कशाला भरतो?"
त्याने खांदे उडवले, कानस पुन्हा फिरायला लागली.

फोन लावला.
नमस्कार, ताजी टोपलीत आपलं स्वागत आहे,
प्रद्युम्न टिपणीसचाच आवाज, तीन वर्षं तरुण,
मागे महापेच्या त्या एसीची घरघर.
ऑर्डरसाठी एक दाबा. तक्रारीसाठी दोन.

मी एक दाबला.
ऊन शटरवरून उतरून माझ्या बुटांवर आलं.
आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.
बॅटरी नऊ टक्के.
फॉर्म उघडाच,
आणि मी
लाइनवर.