जास्तीची मात्रा

एंडेल गेला चौऱ्याहत्तर साली.
त्यात सत्तर मिळवले की दोन हजार चव्वेचाळीस.
तोवर त्याच्या वॉल्ट्झवर हक्क त्याच्या लेकीचा,
आणि तेव्हा मी ब्याण्णव वर्षांची असेन,
असलेच तर.

म्हणून पत्र लिहिलं.

हापसालूत हिवाळ्यात करण्यासारखं फार नसतं.
खाडी गोठते.
संगीतशाळेनं निरोपाची फुलं दिली त्याला सहा वर्षं झाली,
आणि पियानोचा वरचा फा दर नोव्हेंबरात उतरतो.
मी जुन्या लग्नांतली, बोटींवरची, अकॉर्डियनची गाणी
दोन हातांत बसवते,
ज्यांची बोटं अजून घाबरतात अशांसाठी.
भाता श्वास घेतो, पियानो घेत नाही.
तो श्वास डाव्या हातात कुठेतरी लपवावा लागतो,
कधी करंगळीत, कधी नुसत्याच मोकळ्या जागेत.
मग पानांची पीडीएफ करून विकते,
चार युरोला एक.
चार युरो म्हणजे, गाड्या बंद पडलेल्या आमच्या स्टेशनापाशी,
एक कॉफी आणि अर्धा बन.

शेजारचा राइमो म्हणाला, कोण बघतंय?
दोन पानांचं गाणं, मेलेला माणूस,
टाक नि विक.
मी म्हटलं, तुझी होडी रात्रभर धक्क्याला असते,
तीही कोण बघतंय?
दोन दिवस बोलला नाही.

उत्तर यायला अकरा आठवडे लागले.
मुहू बेटावरून, गणिताच्या वहीच्या कागदावर,
हेल्यू, वय एक्याऐंशी.
"विक्रीतला चौथा हिस्सा चालेल.
तुम्ही पाठवलेलं नातवाकडून वाजवून घेतलं.
सतराव्या मापात तुम्ही एक मात्रा कापलीत.
ती चूक नव्हती."

कापली होती खरी.
तीन, तीन, तीन, आणि मध्येच चार.
मला वाटलं, फेरीबोटीवर वाजवणारा माणूस,
लाट आली असेल, हात घसरला असेल.
चाळीस वर्षं मुलांच्या वह्यांतून
अशा मात्रा लाल पेन्सिलीनं खोडत आले मी,
हातच आपोआप वळतो.

"वडिलांचा डावा पाय आखूड होता,"
कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलं होतं.
"नाचताना आई तिथे थांबायची,
ते पोचेपर्यंत."

मी चाल सुधारली होती.
एका माणसाची चाल.

रात्री परत बसले.
सतराव्या मापात चौथी मात्रा उघडून दिली,
तिच्यावर काहीच ठेवलं नाही,
फक्त उजव्या हातातला एक स्वर धरून ठेवला,
दार धरून ठेवतात तसा.
वर त्याचं नाव मोठ्या अक्षरांत,
खाली माझं, बारीक,
आणि त्याहून बारीक: वारसाच्या लेखी परवानगीनं.
करारावर हेल्यूची सही आली,
ओळ सोडून खाली घरंगळलेली.

पहिली प्रत मार्चमध्ये गेली.
फिनलंडमधलं कुणी, नाव पायव्हिक्की.
खिडकीतल्या बरणीत हेल्यूचा एक युरो टाकला,
इतका आवाज झाला की मांजर उठलं.

संध्याकाळी पायव्हिक्कीचा मेल:
छान आहे, वाजवतेय.
सतराव्या मापात बहुधा छपाईची चूक आहे,
एक मात्रा जास्त येते.

मी लिहिलं, नाही.
तिथे थांबा.
कुणीतरी यायचं आहे अजून.