रोजचे किती?

फ्यूजबोर्ड उघडण्याआधी मी एवढंच विचारतो:
रोजचे किती किलोमीटर?
आणि माणसं खोटं बोलतात.
वजन विचारलं की कमी सांगतात,
इथं वाढवून.
बाविसाचे साठ होतात, साठाचे दीडशे.
मी मान डोलावतो, निम्मे लिहून घेतो.

मेरिन टलक मात्र वही घेऊन आली.
टास्मानियाचं दक्षिण टोक, जीव्हस्टन,
सफरचंदांच्या बागेमागचं पत्र्याचं घर.
जुलैतली थंडी, काचेला आतून दहिवर.
दाराशी अठरा वर्षांची डिझेल गाडी,
मागच्या सीटवर कुत्र्याचे केस आणि रिकामी खोकी.

"महिनाभर लिहिलंय. तुम्हीच बघा."

सोमवार. ह्यूऑनव्हिल, दवाखान्याची साफसफाई. जाऊन-येऊन शेहेचाळीस.
मंगळवार. तेच.
बुधवार. तेच, वर दोन, कुत्र्याच्या गोळ्या.
गुरुवार. गाडी सुरूच झाली नाही. शून्य.
एका रविवारी चौदा,
आणि पुढे बारीक अक्षरात: उगीच.

वायरिंग जुनं होतं, पण मेन धडधाकट.
म्हणालो, साधं सॉकेट पुरेल तुम्हाला.
संध्याकाळी सहाला लावा,
सकाळी सहाला दीडशे तरी जमा.
रात्री पीठ भिजवून ठेवता ना, तसं,
काम आपोआप होतं, आपण झोपलेले असतो.
थंडीत थोडे गळतील, हीटर लावलात तर आणखी.
तरी शेहेचाळीस जाऊन पुष्कळ उरतात.
एरवी मी इतकं बोलत नाही.

तिनं ऐकून घेतलं.
मग वही उलटी करून शेवटचं पान काढलं.
लॉन्सेस्टन. दोनशे साठ. एका बाजूचे.
"आणि हे?"

कितीदा जाता?
"कधीही," ती म्हणाली. "म्हणजे, कधीही लागू शकतं."
मुलगा असतो तिथं.
फोन रात्री दोनलाही येऊ शकतो.
म्हणून टाकी काठोकाठ भरलेली,
किराणा उधार राहिला तरी.

पानावर तारीख एकच होती,
तीन वर्षांपूर्वीच्या मार्चमधली.
खाली घाईची ओळ:
दार उघडलं नाही. परत. दोनशे साठ.

मी पकड पुसत बसलो, स्वच्छच होती ती.
मग जे ठाऊक होतं तेच सांगितलं:
वाटेत कॅम्पबेल टाउनला चार्जर आहे.
वीस मिनिटं थांबायचं, चहा घ्यायचा, निघायचं.
सगळे तसंच करतात.

"वीस मिनिटं थांबले," ती म्हणाली,
"तर मागे फिरेन."

याला माझ्या तक्त्यात रकाना नाही.
बॅटरीचे आकडे पाठ आहेत मला,
कुठली तीनशे जाते, कुठली चारशे,
डोंगर चढताना किती खाते, उतरताना किती परत देते.
मोठ्या बॅटरीची किंमत सांगितली.
ती हसली. तेवढ्यात छप्पर नवं झालं असतं.

कुत्रा येऊन माझ्या बुटांवर टेकला.
बराच वेळ आम्ही तिघंही
त्या डिझेलकडे बघत राहिलो.

शेवटी तिनं एकच विचारलं:
"रात्री गाडी रस्त्याकडे तोंड करून लावते मी.
केबल पोचेल?"

टेप काढली, गुडघे टेकून माप घेतलं.
सहा मीटर पुरली असती.
मी आठ लिहिली.