आईचा एकटा मोजा

चिआतुरात आज वीज नाही.
म्हणून खाणीला सुट्टी, टीव्हीला सुट्टी,
आणि माझ्या वाट्याला दोन पोरं, अख्खा दिवस.

टेबलावर चिंध्यांचा ढीग ओतला :
माझ्या सदऱ्याची फाटकी बाही, उशीचा अभ्रा,
वरच्या मजल्यावरच्या नानुलीने दिलेला पडद्याचा तुकडा,
आणि मोजे. नुसते एकेकटे मोजे.
आपल्या घरात कशाची जोडी म्हणून टिकत नाही,
मी म्हणालो,
आणि लगेच जीभ चावली.

सुईच्या नेढ्यात दोरा जाईना.
माझ्या नखांत मँगनीजचा अठरा वर्षांचा काळिमा,
डोंगर पोखरणारा हा हात
तेवढ्याशा भोकापुढे थरथरत राहिला.
उचाने दोरा ओठांत ओला केला, ओवला, गाठ मारली.
"शोप्पं अशतं बाबा," म्हणाला.
वय सात. पुढचे दोन दात बेपत्ता.

त्याचा लांडगा झाला राखाडी मोज्याचा.
कानांना माझ्या जुन्या हातमोज्याची दोन बोटं,
जिभेला लाल फडकं, जरा जास्तच लांब.
हात आत गेला मात्र,
लांडग्याने पहिलं माझं नाक धरलं.

मी केली रोपवेवरची तिकिटवाली, पडद्याच्या फुलांची.
तिचा एक डोळा वर लागला, एक खाली.
"म्हणजे एक पाळणा चढतोय, एक उतरतोय,"
पिकरिया म्हणाली, न हसता.
पिकरिया पाच वर्षांची आहे आणि सहसा हसत नाही.

मग ती खुर्चीवर चढली
आणि वरच्या खणातून तो मोजा घेऊन आली.
पांढरा, हिरव्या काठाचा.
त्याचा जोडीदार माक्वालाच्या पायात इटलीला गेला, बारी शहरात,
कुणा परक्या म्हातारीची उठबस करायला.
की इथेच धुण्यात हरवला? ठाऊक नाही.
तीन वर्षं मी त्याची घडी मोडली नव्हती.

"याला कात्री नाही लावायची," मी म्हटलं.
"नाही लावत. फक्त तोंड शिवायचं."
मी लाल दोऱ्याने धावदोरा घातला,
छान हसरा, गालापासून गालापर्यंत.
तिने पाहिला. उसवला.
"असं नाही. उघडं हवं. आणि एका बाजूला वाकडं."

आई कुठे अशी आहे गं?

"अशीच आहे. फोनमध्ये.
'बाळा, तू जे' म्हणते
आणि मग अशीच राहते."

मी पुन्हा टाके घातले, ती सांगेल तसे.
इथे जरा ओढ. इथे सोड.
बोटात सुई दोनदा गेली. बरं झालं,
डोळ्यांना एक कारण मिळालं.

खुर्चीच्या पाठीवर चादर टाकून खेळ सुरू झाला.
लांडगा आला, गुरगुरला, तिकिटवालीने त्याला तिकीट मागितलं,
त्याच्याकडे सुटे पैसे नव्हते, बरीच बाचाबाची झाली.
मधोमध आई, तोंड उघडं, गप्प.
"आई, बोल की," लांडगा वैतागला.
"थांब रे," चादरीमागून पिकरिया,
"नेट गेलंय. येईल."

आम्ही थांबलो.
लांडगा थांबला. तिकिटवाली थांबली.
बाहेर रोपवेचे पाळणे दरीवर जिथल्या तिथे लटकलेले.

मग मोज्यातली बोटं हळूच हलली :
"...जेवलात का?"
लांडगा म्हणाला, "नाही."
खरंच जेवलो नव्हतो. तीन वाजून गेले होते.
मी हातात तिकिटवाली घेऊनच उठलो
आणि राजम्याचं भांडं गॅसवर ठेवलं.

संध्याकाळी दिवे आले, फ्रिज घुमू लागला, फोन वाजला.
पिकरियाने मोजा पडद्यासमोर धरला, नाकाला नाक.
पलीकडे माक्वाला, मागे म्हातारीचं औषधांचं कपाट,
"अगं बाई, हा तर माझा" म्हणाली,
हसू लागली,
आणि हसता हसता थिजली,
तोंड उघडं, एका बाजूला वाकडं.

पिकरियाने मोज्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं,
पुन्हा मोज्याकडे.
"बघ बाबा," म्हणाली,
"जमलंय की नाही?"